बालवाडीच्या दारातील पहिली अट

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एक चिंता हमखास शिरते. मूल बोलते का, रंग ओळखते का, आकडे म्हणते का, ही काळजी जुनीच आहे. तिच्या जोडीला आता ‘मूल शी-शू सांगते का’ हा प्रश्न येऊन बसला आहे. बालवाडीत प्रवेश देताना, काही ठिकाणी लेखी आणि पुष्कळ ठिकाणी तोंडी, अशी अट घातली जाते की मुलाला शौचाची सवय लागलेली असावी आणि त्याला डायपर घालून पाठवू नये. वरकरणी ही अट साधी, सोयीची आणि वाजवी दिसते. तीस-चाळीस मुलांमागे एक बाई आणि एक मावशी असताना कोणाकोणाचे कपडे बदलायचे, हा शाळाचालकांचा सवाल अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि या अटीच्या मुळाशी असलेली समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे. शरीराच्या वाढीतील एक टप्पा हा मुलाच्या शिस्तीचा आणि आईच्या कर्तबगारीचा दाखला आहे, अशी ती समजूत आहे. आणि तिची किंमत अडीच-तीन वर्षांची मुले मोजीत आहेत.

शरीराचे वेळापत्रक

नवजात अर्भकाचे मूत्राशय भरले की ते आपोआप रिकामे होते. त्यात अर्भकाच्या इच्छेचा भाग नसतो. मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचणे, ती जाणीव ओळखता येणे आणि योग्य जागी जाईपर्यंत स्नायू आवरून धरता येणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या साधण्यासाठी मज्जासंस्थेची पुरेशी वाढ व्हावी लागते. सामान्यतः दीड वर्षाच्या वयानंतर ही वाढ हळूहळू दिसू लागते. बहुधा शौचावर ताबा आधी येतो, दिवसाच्या लघवीवर त्यानंतर, आणि रात्रीच्या लघवीवर सर्वांत शेवटी. मुलींना हे मुलग्यांपेक्षा थोडे लवकर साधते. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात, आणि त्या वयापर्यंत वैद्यक त्याला विकार मानत नाही.

या विषयावरील आधुनिक विचाराला वळण लावणारा निबंध अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केला. आपल्या देखरेखीखाली वाढलेल्या १,१७० मुलांच्या नोंदी त्यांनी त्यात अभ्यासल्या होत्या. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबावे, जबरदस्ती करू नये आणि नकार मिळाला तर काही काळ विषय सोडून द्यावा, ही त्यांची पद्धत. त्या मुलांना दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या वयात आला. ही सरासरी आहे, हे विसरता कामा नये. सरासरी म्हटली की तिच्या अलीकडे जशी मुले असतात तशी पलीकडेही असतात, आणि पलीकडची मुले मागासलेली ठरत नाहीत.

आता हा हिशेब शाळेच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहावा. २०२० साली राज्य शासनाने प्रवेशाचे वय मोजण्यासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरली. त्या डिसेंबरअखेर तीन वर्षे पूर्ण होणारे मूल नर्सरीला पात्र. म्हणजे डिसेंबरात जन्मलेले मूल जूनमध्ये वर्गात येऊन बसते तेव्हा ते जेमतेम अडीच वर्षांचे असते. त्याच वर्गात जुलैत जन्मलेले, तिसरे वर्ष पुरे करीत आलेले मूलही असते. कागदावर दोघांचा वर्ग एक, पण शरीराच्या वाढीत पाच-सहा महिन्यांचे अंतर. या वयात पाच महिने म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. दोघांना एकच अट लावणे हा न्याय म्हणावा काय?

आजीची रीत आणि डायपरची सोय

यावर जुन्या पिढीचे एक उत्तर ठरलेले असते. आमच्या वेळी मुले वर्षाच्या आत सांगू लागत, असे आज्या म्हणतात. आणि त्यात तथ्य नाही असे नाही. मराठी घरांतून तान्ह्या मुलाला दोन पायांवर बसवून, तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज काढीत शी-शू करवण्याची रीत पूर्वापार चालत आली आहे. दूध पाजल्यानंतर, झोपेतून उठल्यावर, आंघोळीपूर्वी अशा ठरावीक वेळा साधल्या जात. मुलाच्या चेहऱ्यावरील बारीक बदलावरून घरातील जाणती बाई ओळखत असे. अशी रीत इतर समाजांतही आढळते. पूर्व आफ्रिकेतील डिगो जमातीच्या मातांवरील १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथे जन्मानंतर काही आठवड्यांतच ही सवय लावण्यास आरंभ होतो आणि पाच-सहा महिन्यांत बऱ्यापैकी यश येते, असे नोंदले आहे.

मग ब्रेझेल्टन चुकले की आजी चुकली? वस्तुतः दोघांचेही बरोबर आहे. दोघे निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत. आजीच्या रीतीत वेळ ओळखण्याचे काम मोठे माणूस करते; मूल त्या खुणेला प्रतिसाद देते. बालवाडीला अभिप्रेत असलेली गोष्ट याहून अवघड आहे. तेथे मुलाने स्वतः जाणीव ओळखायची, खेळ सोडायचा, परक्या बाईला सांगायचे, चड्डी काढायची आणि जागेवर पोहोचेपर्यंत धीर धरायचा. आईच्या पायांवर वर्षभरात साधलेली सवय परक्या वर्गात टिकेलच याची खात्री नसते ती यामुळे.

शिवाय आजीच्या रीतीला एक आधार होता, तो म्हणजे दिवसभर मुलाजवळ असणारे माणूस. तो आधार आता पुष्कळ घरांतून नाहीसा झाला आहे. २०१७ च्या कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, ही स्वागतार्ह गोष्ट. पण ती संपते तेव्हा मूल फार तर सहा महिन्यांचे असते. शी-शूच्या खऱ्या शिक्षणाला त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने सुरुवात व्हायची असते. त्या काळात मूल पाळणाघरात, शेजारी किंवा थकलेल्या आजी-आजोबांकडे असते. सुती लंगोट आणि दुपटी धुण्याचा खटाटोप परवडत नाही म्हणून डायपर येतो. डायपरची सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यात ओल शोषली जात असल्याने ओले झाल्याची जाणीव मुलाला पुरेशी होत नाही, आणि तीच जाणीव या शिक्षणाचा पहिला धडा असते. घर म्हणते शाळेत गेल्यावर लागेल सवय. शाळा म्हणते सवय लावूनच पाठवा. या टोलवाटोलवीत मूल मधल्यामध्ये अडकते.

सक्तीचे दुष्परिणाम

प्रवेशाची तारीख जवळ येते तसा घरातील स्वर बदलतो. फेब्रुवारीपर्यंत हसण्यावारी नेलेली ओली चड्डी एप्रिलमध्ये अपराध ठरते. शेजारच्या मुलाशी तुलना होते, चारचौघांत ‘शेम शेम’ होते, प्रसंगी चापटही बसते. याचा परिणाम हव्या त्या दिशेने होत नाही. ज्या थोड्या गोष्टी लहान मुलाच्या सर्वस्वी ताब्यात असतात त्यांत मलविसर्जन ही एक आहे. धाक वाढला की मूल शी रोखून धरते. रोखलेला मळ कठीण होतो, तो बाहेर पडताना वेदना होतात, आणि त्या वेदनेच्या आठवणीने मूल पुढच्या वेळी अधिकच रोखते. हे चक्र लांबले तर आतड्याचा शेवटचा भाग ताणला जाऊन भरल्याची जाणीवच बोथट होते. साचलेल्या कठीण मळाच्या बाजूने पातळ मळ पाझरून चड्डी खराब होऊ लागते. घरच्यांना वाटते मूल हट्टाने करते, किंवा त्याला जुलाब होत आहेत. खरा विकार असतो बद्धकोष्ठाचा, आणि त्यावर उपाय शिक्षेचा नसून डॉक्टरांच्या सल्ल्याचा असतो.

लघवीचेही तसेच. शाळेत जाऊ लागलेली कित्येक मुले, विशेषतः मुली, अस्वच्छ वा अंधाऱ्या संडासाच्या भीतीने चार-चार तास लघवी दाबून ठेवतात. डब्यासोबत दिलेली पाण्याची बाटली भरलेलीच घरी परत येते, ही खूण किती पालक ओळखतात? कमी पाणी पिणे आणि लघवी तुंबवणे यांतून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग उद्भवू शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. घरी उत्तम सवय लागलेले मूलही शाळा सुरू झाल्यावर काही आठवडे मागे जाते. नवी जागा, नवी माणसे, आईचा विरह. त्यातच घरात धाकटे भावंड आले असेल तर विचारायलाच नको. आपल्याकडे शाळा जूनमध्ये भरते, म्हणजे नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर. गारव्याने लघवीची वारंवारता वाढते आणि धुतलेल्या चड्ड्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत. अशा वेळी ‘सवय लागली आहे असे खोटे सांगून प्रवेश घेतला’ असा ठपका आईवर ठेवणाऱ्या शाळेला बालकाची प्रकृती कळली आहे असे म्हणणे कठीण आहे.

सांगायचे कोणत्या शब्दांत?

या प्रश्नाची एक बाजू भाषेची आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. घरी ‘शू आली’ एवढे दोन शब्द पुरतात. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत मात्र त्याच मुलाकडून एका संपूर्ण इंग्रजी वाक्याची अपेक्षा होते. ते वाक्य आठवेपर्यंत व्हायचे ते होऊन जाते. ज्या मुलाच्या घरी वारली, गोंडी वा कोरकू बोलली जाते त्याची अडचण मराठी अंगणवाडीतही हीच असते. करंगळी वर करण्याची खूण पुढे प्राथमिक शाळेत सर्वांनाच समजते. अडीच वर्षांच्या मुलाला ती कोणीतरी आधी शिकवावी लागते. प्रवेशाच्या दिवशी बाईंनी प्रत्येक आईला ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात’ एवढे विचारून वहीत टिपून ठेवले, तर निम्मे अपघात टळावेत.

जागेचाही प्रश्न असाच. चाळीतील मूल मोरीत बसते, खेड्यातील मूल परसात, सदनिकेतील मूल रंगीत भांड्यावर. शाळेतील संडास बहुधा मोठ्यांच्या मापाचा असतो. त्यावर पाय फाकवून बसताना मुलाचा तोल जातो, भोकात पडण्याची भीती वाटते, आणि वरून धो धो पाणी सुटले की ते दचकते. अशा मुलाला ‘सवय नाही’ असे म्हणण्यापूर्वी सोय काय आहे ते पाहिले पाहिजे.

तयारीच्या खुणा

मग पालकांनी काहीच करू नये काय? तसे मुळीच नाही. तयारी ओळखणे आणि तिला हात देणे हे घराचे काम आहेच. तयारीच्या खुणा पुरेशा स्पष्ट असतात. मूल दिवसा सलग दोनेक तास कोरडे राहू लागते. शीची वेळ साधारण ठरून जाते. ओल्या कपड्याचा त्याला कंटाळा येतो. होण्यापूर्वी किंवा होताना ते कोपऱ्यात जाते, दाराआड लपते किंवा खुणावते. साध्या सूचना समजून वागते. उकिडवे बसून स्वतः उठू शकते. चड्डी खाली ओढू शकते. यांतील बहुतेक खुणा दिसू लागल्या की आरंभ करावा.

आरंभासाठी आपल्या हवेत उन्हाळ्याच्या सुटीसारखा काळ नाही. कपडे तासाभरात वाळतात, मूल नुसत्या सुती चड्डीवर हिंडू शकते आणि मोठी भावंडे घरी असल्याने अनुकरणाला उदाहरण समोर असते. झोपून उठल्यावर आणि जेवणानंतर थोडा वेळ बसवावे. पाच मिनिटांहून अधिक नाही. झाले तर कौतुक करावे, न झाले तर गाजावाजा न करता उठवावे. बक्कल, पट्टा आणि चेन असलेल्या विजारी बाजूला ठेवून इलॅस्टिकची चड्डी घालावी. अहारात फळे, भाज्या आणि पुरेसे पाणी असावे. आठ-पंधरा दिवसांत लक्षण दिसले नाही तर महिनाभर विषय सोडून द्यावा. अमेरिकेत १९७४ साली ‘एका दिवसाच्या आत’ ही सवय लावून देण्याचे आश्वासन देणारे पुस्तक अतिशय खपले. परंतु बालरोगतज्ज्ञांचा कल आजही सबुरीकडेच आहे. चार वर्षे उलटूनही दिवसाचा ताबा येत नसेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा लागलेली सवय एकाएकी सुटली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

शाळेचा वाटा

घराने आपला वाटा उचलल्यावरही शाळेचा वाटा उरतोच. बालशिक्षणाच्या आपल्या परंपरेत तो कधी नाकारला गेला नव्हता. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. अंगाची स्वच्छता हा तेथे प्रवेशाचा निकष नव्हता. तो बालवाडीच्या दिनक्रमाचा भाग होता. मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, असे मानणाऱ्या या स्त्रियांनी ओल्या चड्डीपायी मूल परत पाठवण्याची कल्पनाही केली नसती. माँटेसोरी पद्धतीत गुंड्या लावण्या-काढण्याच्या चौकटी असतात, हात धुण्याचे पाठ असतात. चड्डी सोडणे, बसणे, धुणे आणि पुन्हा नीट होऊन येणे हा त्याच ‘जीवनव्यवहारा’च्या शिक्षणाचा भाग आहे. ज्याला शिक्षण म्हणायचे तेच प्रवेशापूर्वी पूर्ण करून आणा, असे सांगणारी शाळा आपलेच काम दुसऱ्यावर ढकलते.

हे काम ढकलले जाते त्यामागे केवळ मनुष्यबळाची टंचाई नाही. मलमूत्राशी संबंध येणारे काम हलके, ते करणारी व्यक्तीही हलकी, ही जातिव्यवस्थेने मुरवलेली दृष्टी त्यामागे आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीच्या कार्याला आयुष्य वाहिले, तुरुंगातही सफाईचे काम मागून घेण्यासाठी उपोषण केले. त्या महाराष्ट्रात आजही बालवाडीतील बाई ‘ते माझे काम नव्हे’ असे म्हणते आणि ज्या मावशींचे ते काम असते त्यांना सर्वांत कमी पगार असतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील मदतनीस हेच काम वर्षानुवर्षे मानधनावर करीत आल्या. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेण्यास २०२२ साल उजाडावे लागले. फ्रान्समध्ये २०१९ पासून तीन वर्षांच्या वयापासून शिक्षण सक्तीचे आहे, आणि तेथील बालशाळांत शिक्षकाच्या जोडीला मुलांची स्वच्छता पाहणारे नगरपालिकेचे सहायक असतात. मूल लहान आहे हे मान्य केले की त्यासाठी माणूस नेमावे लागते, इतका हा सरळ हिशेब आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा येथे टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर मुलाला शौचाला कोणी न्यायचे हा प्रश्न पालकांच्या मनात घर करून आहे. पण त्याचे उत्तर ‘मूल सर्व स्वतः करील’ या अपेक्षेत नाही. विश्वासू आणि पडताळणी झालेल्या स्त्री-मदतनीस, दुसऱ्या प्रौढ व्यक्तीच्या नजरेच्या टप्प्यातील स्वच्छतागृह, कपडे बदलल्याची वहीत नोंद आणि शरीराचे अवयव त्यांच्या नावांनी ओळखण्याचे मुलांना दिलेले शिक्षण, यांतून सुरक्षितता येते. मदतीविना एकटे सोडलेले मूल सुरक्षित असते असे मानणे हा भ्रम आहे.

शाळेच्या डोक्यावरून विचारू नये एवढा मोठा हा खर्चही नाही. लहान मापाचा संडास, भरपूर पाणी, उजेड, बाहेरून उघडणारी कडी, प्रत्येक मुलाच्या नावाची जादा चड्डी ठेवलेली पिशवी, दर दीड-दोन तासांनी सर्वांना नेऊन आणण्याचा परिपाठ आणि सन्मानाने वागवलेल्या दोन मावशी, एवढी ही सामग्री. भाड्याच्या खोलीत वा समाजमंदिरात भरणाऱ्या अंगणवाडीला ती शासनाने पुरवली पाहिजे. हजारो रुपये शुल्क घेणाऱ्या नर्सरीला ती स्वतः पुरवण्यात अडचण नसावी.

बालवाडी प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, अशी शिफारस यशपाल समितीने १९९३ सालीच केली होती. अक्षरांची आणि आकड्यांची परीक्षा वाईट, हे निदान बोलताना तरी आता सर्वजण मान्य करतात. शी-शूची अट ही त्याच परीक्षेची दुसरी पत्रिका आहे, हे ओळखले पाहिजे. तिच्यात नापास होणारे मूल बहुधा वर्गातील सर्वांत धाकटे असते, नोकरदार किंवा कष्टकरी आईचे असते, किंवा ज्याच्या वाढीचा वेग काही कारणाने मंद आहे आणि ज्याला बालवाडीची गरज सर्वाधिक आहे असे असते. येत्या जूनपूर्वी शाळांनी ही अट आपल्या प्रवेशपत्रिकेतून काढून टाकावी आणि तिच्या जागी दोन प्रश्न छापावेत: मूल घरी कोणत्या शब्दाने सांगते, आणि त्याला कोणत्या गोष्टीची भीती वाटते. त्या दोन उत्तरांच्या आधारे जाणत्या बाई सप्टेंबरपर्यंत बहुतेक मुलांना मार्गी लावतील, आणि उरलेल्यांना आणखी थोडा काळ देतील.